मग्गल

पिरनवाडीच्या पुढं, काजूच्या जुन्या गोदामात
आमचं शुश्रूषा केंद्र. खाटा अठरा.
रात्रीला माणसं दोन: मी,
आणि चंदगडची नवी पोरगी, संजीवनी.

सात नंबरला नीलव्वा कामकर, वडगावची,
डाव्या अंगावरून वारं गेलेलं.
दीड वाजला की सुरू व्हायची:
"मग्गल... मग्गल..."
ना ओरडून, ना रडून.
दारात उभं राहून उधारी मागावी तशी.

संजीवनीनं रजिस्टरात लिहिलं,
"पेशंट मंगलला बोलावते. लेक असावी."
दुसऱ्या रात्री, "मंगल. सारखं."
तिसऱ्या रात्री, "तेच."
खाली माझी सही. अक्षर चांगलं आहे माझं.

मुलाला फोन लावला हुबळीला.
मंगल कोण? आम्ही तिघं भाऊच, म्हणाला.
वय झालं हो तिचं.
आम्हालाही पटलं.
हे औषध आमच्याकडं कधी संपत नाही.

अकरा नंबरचे हवालदार परशराम उचगावकर
उशीवरूनच म्हणाले, कन्नडात मग्ग म्हणजे माग.
विणकराची बाई ती,
हात अजून मागावरच असणार.
हे तर फारच आवडलं सगळ्यांना.
तिच्या उजव्या मुठीत सुताची लडी दिली,
व्यवस्थापकांनी फोटो काढला.

लडी धरून ती म्हणत राहिली,
मग्गल.

नवव्या रात्री बैलहोंगलचा ईरण्णा,
भांडी घासणारा, सतरा वर्षांचा,
कप गोळा करता करता थांबला.
"सिस्टर, अज्जी कूस बदला म्हणालीय की.
मग्गल म्हणजे कूस.
ऐकू येईना काय तुमाला?"

येत होतं.

वळवलं तिला. चादर पाठीला चिकटलेली.
माकडहाडाशी जखम, तळहाताएवढी,
कडा काळी, आत पिवळं,
आणि तो वास
जो मी नऊ दिवस फिनेलवर ढकलत होते.
स्पंजच्या रकान्यात रोज बरोबरची खूण होती.
आम्ही तिच्या कुशीतली लेक शोधत होतो.
ती नुसती कूस मागत होती.

नंतर केलं ते फार नाही.
पाहुण्यांसाठी व्हरांड्यात टांगलेलं घड्याळ
आत आणलं. दर दोन तासांनी
डावी, उताणी, उजवी. वळवेल त्यानं नाव लिहायचं.
"तेच" हा शब्द रजिस्टरातून काढला.
ईरण्णाला संध्याकाळी तासभर खाटांपाशी बसवलं
(पगार वाढायला दीड महिना लागला,
तोही मी तीनदा भांडल्यावर).
त्यानं सांगितलं, संजीवनीनं पुठ्ठ्यावर लिहिलं:
नीर, पाणी.
नोवु, दुखणं.
चळि, थंडी.
साकु, पुरे.
मग्गल.
हवालदार म्हणाले, खाली लाज लिही.
दोन्हीकडं कळतं ते.
लिहिताना पोरीचा हात थांबला.
सगळ्यांच्या देखत कपडे बदलत होतो आम्ही त्यांचे,
अडीच वर्षं.
पुढच्या सोमवारी पडदे आले,
दोन आखूड निघाले.

बाहेरच्या पाटीवर कुठली भाषा वर
यावरून दोनदा डांबर लागलंय.
आतल्या पुठ्ठ्याला कुणी हात लावला नाही.
डाळीचे डाग आहेत त्याच्यावर.

नीलव्वाची जखम रुपयाएवढी झाली.
बुजली नाही.
भात कापणीच्या दिवसांत पहाटे ती गेली,
उजव्या कुशीवर. वळवल्याची वेळ दोन,
नाव संजीवनी.
लडी मुलाला दिली. कशाची ही, त्यानं विचारलं.
मला सांगता आलं नाही.

सुट्टीच्या रात्रीही दोनला जाग येते.
शेजारी नवरा घोरत असतो.
खांद्याखाली हात घालून त्याला वळवते.
"काय गं?"
काही नाही, झोप.

चारला पुन्हा.